मला बघवलं नाही, ताई

पत्र थोडक्यात: वसई तालुक्यातल्या एक वाचक, वय ३९, नोकरी करून घर सांभाळणाऱ्या. यंदा पवित्र आठवड्यात त्यांच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सभागृहात मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' हा येशूच्या यातनांवरचा सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवला. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं पुढे सतरंजीवर बसली होती, त्यांत यांचा नऊ वर्षांचा मुलगा. चाबकाचा प्रसंग सुरू झाला तसा तो रडायला लागला. या त्याला उचलून बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या नाहीत. घरी सासूबाई म्हणाल्या, "प्रभूने सोसलं, आणि तुला नुसतं बघवत नाही?" नवरा गप्प राहिला, पण दुखावला. त्याने हा सिनेमा २००४ साली पाहिला होता आणि त्यामुळेच आपण देवाकडे वळलो असं तो सांगतो. (त्याच वर्षी सासरे गेले, वर्षभर कॅन्सरने अंथरुणावर होते, असंही त्यांनी जाता जाता लिहिलं आहे.) मुलगा तेव्हापासून दिवा लावून झोपतो, घरातल्या अल्तारावरच्या क्रुसाकडे पाठ करून बसतो. एकदा त्याने विचारलं, "देवबापाने त्याला वाचवलं का नाही?" धर्मशिक्षणाच्या बाई म्हणतात, सिनेमा शेवटपर्यंत दाखवा म्हणजे भीती जाईल. पण लिहिणारीला सगळ्यात जास्त सलतंय ते वेगळंच. पूर्वी गुड फ्रायडेला त्या ढसाढसा रडायच्या. यंदा डोळ्यांत टिपूस नव्हता, नुसती शिसारी आली. "माझा विश्वास आटला का?" असं त्या विचारतात.

प्रिय भगिनी,

आधी मुलाचं बोलू. तुमचा प्रश्न आणखी चार दिवस थांबेल, त्याची झोप थांबणार नाही.

तो सिनेमा त्याला पुन्हा दाखवू नका. शेवटपर्यंत नको आणि "चल, आपण दोघं बरोबर बसून बघू" असंही नको. बाईंचा हेतू वाईट नाही. तुमच्याकडे पूर्वी पोरांना बावखलात ढकलून पोहायला शिकवायचे, त्यातलाच हा प्रकार. पण पाण्यात पडलेलं पोर निदान हातपाय मारतं. पडद्यासमोर बसलेल्या पोराला करण्यासारखं काहीच नसतं. अमेरिकेत या सिनेमाला 'आर' दर्जा मिळाला होता, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांनी सोबत मोठं माणूस असल्याशिवाय बघायचा नाही. एवढीच मारहाण दुसऱ्या कुठल्या सिनेमात असती तर तुमच्या सभागृहातल्या एकाही आईने आपलं मूल पुढच्या सतरंजीवर बसवलं नसतं. प्रभूचं नाव लागलं की वयाची अट आपोआप गळून पडते, हे कसं होतं कोण जाणे. तुम्ही उठलात ते योग्यच केलंत.

रात्रीचा दिवा राहू द्या. विजेचं बिल वाढलं तरी चालेल. दिवसाउजेडी, भाजी निवडताना किंवा सायकल पुसताना, सहज विषय निघाला तर त्याला हा सिनेमा कसा केला ते सांगा. जिम कॅविझेल नावाचा नट होता, त्याच्या अंगावर खोट्या जखमा चढवायला तासन्‌तास लागायचे, पाठीमागे फळी होती आणि चाबूक तिच्यावर बसायचा. (चित्रीकरणात एकदा नेम चुकून खरा फटका बसला, ते मात्र त्याला सांगू नका.) रक्त खोटं म्हटल्याने प्रभूची गोष्ट खोटी ठरेल, अशी भीती धरू नका. शिवाजी महाराजांच्या नाटकात अफझलखानाचं काम करणारा पडदा पडल्यावर उठून चहा पितो, तरी प्रतापगडाखाली जे घडलं ते घडलंच. नऊ वर्षांच्या मुलाला हा फरक चांगला कळतो. महिनाभरात झोप रुळावर आली नाही, जेवण किंवा अभ्यास बिघडला, तर बालमानसतज्ज्ञाकडे न्या. फादरांकडून डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही करून घ्या. एकाने दुसऱ्याला आडकाठी येत नाही.

आता तुमचं.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि सासूबाईंच्या बोलण्यातही तीच आहे. जो जास्त रडतो त्याचा विश्वास जास्त. ही मोजपट्टी आली कुठून? लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढा. प्रभूला क्रुसावर चढवायला नेत आहेत, मागे बायका ऊर बडवत चालल्या आहेत. तो थांबतो, वळतो आणि म्हणतो, यरुशलेमेच्या कन्यांनो, माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या मुलांसाठी रडा. क्रुसाच्या वाटेचं, म्हणजे त्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका प्रसंगापाशी थांबून करायच्या प्रार्थनेचं, हे आठवं स्थान. दर उपवासकाळात आपण तिथे गुडघे टेकतो आणि पुढे नवव्या स्थानाकडे जातो. पण त्याच्या दुःखसहनाकडे बघून रडणाऱ्यांना त्याने स्वतः काय सांगितलं, ते तिथे अगदी सरळ लिहिलेलं आहे. तुम्ही त्या सभागृहातून नेमकं आपल्या मुलासाठी उठलात. हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आणि मरिया. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाजवळ येशूची आई उभी होती, एवढंच येतं. रडली, कोसळली, असं तिथे काही लिहिलेलं नाही. चित्रांत आणि गाण्यांत आपण तिला शतकानुशतकं रडवलं, आणि आईचं मन जाणून रडवलं, म्हणून माझी तक्रार नाही. पण मूळ गोष्टीत ती नुसती उभी आहे.

शुभवर्तमानकारांनी शारीरिक यातनांबद्दल किती कमी लिहिलं आहे हे एकदा नीट बघाच. ज्या चाबकाच्या प्रसंगाने तुमचा मुलगा हादरला, तो सिनेमात जवळपास दहा मिनिटं चालतो. मत्तय आणि मार्क यांच्या ग्रीक मजकुरात त्यासाठी एक शब्द आहे. एकच. 'फटके मारवून' त्याला क्रुसावर खिळायला सोपवलं, आणि वाक्य पुढे निघून जातं. योहान एका छोट्या वाक्यात उरकतो. लूकमध्ये रोमन सुभेदार पिलात नुसतं म्हणतो की शिक्षा करून सोडतो. खिळे ठोकल्याचं वर्णन तर कुठेच नाही. त्यांनी त्याला क्रुसावर खिळलं, संपलं. एवढं हात आखडून का लिहिलं? एक कारण सोपं आहे. ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांनी क्रूस डोळ्यांनी पाहिलेले होते. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१ साली रोमनांनी आप्पियन रस्त्याच्या कडेने ६,००० माणसं क्रुसांवर चढवली होती. अशा जगातल्या वाचकाला रक्ताचं वर्णन कशाला द्यायचं?

पण मला वाटतं, दुसरंही एक कारण आहे. शब्द वाचवून ते कुठे खर्च केलेत ते बघा. बागेत झोपून गेलेले मित्र. शेकोटीपाशी "मी त्याला ओळखत नाही" म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र आणि मग आरवलेला कोंबडा. जांभळा झगा घालून केलेली थट्टा. कपड्यांवर टाकलेल्या चिठ्ठ्या. शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराशी झालेलं दोन वाक्यांचं बोलणं. आणि ती हाक : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? सगळं एकटं पडण्याबद्दल आणि अपमानाबद्दल आहे. कातडीबद्दल फारसं काही नाही. सिनेमाला हे उलट करावं लागतं, कारण कॅमेऱ्याला कातडी दिसते. एकटेपण दाखवायला फार मोठा दिग्दर्शक लागतो. इटलीच्या पासोलिनीने १९६४ साली मत्तयच्या शुभवर्तमानावर सिनेमा केला. हा माणूस स्वतःला नास्तिक म्हणवायचा, आणि सिनेमा अर्पण केला तेविसाव्या जॉन पोपच्या स्मृतीला! त्यात येशूवरचा खटला आपण गर्दीच्या मागे उभं राहून, माणसांच्या खांद्यांवरून बघतो. धड ऐकू येत नाही, धड दिसत नाही. क्रुसापाशी उभी असलेली म्हातारी मरिया ही पासोलिनीची सख्खी आई. कधी निवांत असाल तेव्हा तो बघा. मुलगा झोपल्यावर.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे माझा नवरा चुकीचा. मुळीच नाही. इथे मला जरा थांबायचंय, कारण तुमच्या पत्रातली कंसात टाकावी तशी एक ओळ मला राहून राहून आठवते : त्याच वर्षी सासरे गेले.

फ्रान्समधल्या कोल्मारला एक चित्र आहे, ग्रुनेवाल्ड नावाच्या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात काढलेलं. त्यातला क्रुसावरचा ख्रिस्त बघवत नाही. हिरवट पडलेलं अंग, सगळीकडे फोड, वळलेली बोटं. हे कुणाला घाबरवायला काढलेलं नव्हतं. ते होतं आन्तोनीय मठाच्या रुग्णालयात. तिथे 'संत आन्तोनीची आग' या रोगाचे लोक आणले जात. बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाऊन हा रोग व्हायचा. अंग जळायचं, हातपाय सडून कापावे लागायचे. त्या माणसांना त्या चित्रापुढे आणून बसवत. आपल्यासारखाच देह त्यांना वर दिसायचा. धडधाकट माणसाला किळस यावी असं चित्र, आणि आजाऱ्याला त्याचाच आधार.

तुमच्या नवऱ्याने २००४ साली थिएटरात कुणाचं शरीर पाहिलं असेल? वर्षभर वडिलांची कूस बदलणारा, जखमा पुसणारा तरुण मुलगा तिथे बसला होता. आणि सासूबाई! "प्रभूने सोसलं, आणि तुला नुसतं बघवत नाही?" हे वाक्य त्यांनी तुम्हाला टोमणा म्हणून मारलं असेलही. पण वर्षभर नवऱ्याचं ते मरण बघणं त्यांना टाळता आलं नव्हतं. त्यांच्याकडे बाहेर जायला दार नव्हतं. मी सासूबाईंची वकिली करत नाही, बोलणं लागलं ते लागलंच. पण ते वाक्य तुमच्या विश्वासाबद्दल आहे असं मला आता वाटत नाही.

म्हणून नवऱ्याशी वाद घालण्याआधी एक विचारा : तुला त्यातला कुठला प्रसंग आठवतो? मी हा प्रश्न आजवर बऱ्याच जणांना विचारला आहे. चाबूक फार थोडे सांगतात. बहुतेकांना आठवतं ते हे : क्रूस घेऊन तो पडतो, आणि मरियेला लहानपणी अंगणात पडलेला येशू आठवतो, आणि ती धावते. तोच त्या सिनेमातला सगळ्यात खरा क्षण आहे, असं माझं मत. गंमत म्हणजे तो बायबलात नाही.

सिनेमा आणि विश्वास यांच्याबद्दल जे सर्रास बोललं जातं, त्यातलं थोडं तपासलेलं बरं. तीन कोटी डॉलरच्या आसपास खर्चून केलेल्या या सिनेमाने जगभरात साठ कोटींच्या वर कमावले. तेव्हा जिकडेतिकडे बोललं जात होतं की आता चर्च ओसंडून वाहणार. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बार्ना या संस्थेने प्रेक्षकांची पाहणी केली. साधारण सहांतल्या एकाने सांगितलं की आपल्या धार्मिक समजुतींवर काही परिणाम झाला. पण या सिनेमामुळे आपण ख्रिस्ताला स्वीकारलं असं सांगणारे हजारात एकही भरले नाहीत. बहुतेक सगळे थिएटरात शिरताना जे होते तेच, थोडे हेलावून, बाहेर आले. तुमचा नवरा त्या थोड्यांपैकी असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. पण त्याला जो दरवाजा लाभला तो सगळ्या घराला सक्तीचा करू नये, एवढंच.

यावर आपल्या मातीतलं एक उदाहरण आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत एका मराठी माणसाने पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र पाहिलं. तो इतका भारावला की उसने पैसे काढून पुन्हा बघायला गेला, बायकोला घेऊन. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की डोळ्यांसमोरून ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनात त्यांना श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या दिसत होती. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. भारतातला सिनेमा येशूच्या सिनेमातून उगवला म्हणायला हरकत नाही, आणि ज्याला त्या सिनेमाने झपाटलं तो ख्रिस्ती झाला नाही, आपल्याच देवांकडे अधिक ओढला गेला. पडद्यावर एकच गोष्ट चाललेली असते, प्रत्येक जण तिथे आपापलं घेऊन बसलेला असतो. फाळक्यांनी कृष्ण पाहिला, तुमच्या नवऱ्याने वडील पाहिले. तुम्ही पाहिलंत एका आईच्या डोळ्यांनी, मांडीवर थरथरणारं पोर घेऊन. तिथे शिसारी येणार नाही तर काय येईल? विशीत तुम्ही रडत होतात तेव्हा तुम्हाला मूल नव्हतं.

आटणं म्हणाल, तर त्याची लक्षणं वेगळी असतात. प्रभूचा विषयच नको वाटतो, कुणाशी भांडावंसंही वाटत नाही. तुम्ही तर चार पानी पत्र लिहिलंत.

मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारून घ्या, तीही हळूच : "त्याला कुणी मारलं असं तुला वाटतं?" 'ज्यू लोकांनी' असं उत्तर आलं तर दचकू नका, पण तसंच सोडूनही देऊ नका. दुःखसहनाच्या नाटकांना हा जुना रोग आहे. मध्ययुगीन युरोपात गुड फ्रायडेच्या दिवसांत ज्यू वस्त्यांवर हल्ले होत. जर्मनीतल्या ओबरामरगाऊ गावात १६३४ पासून दर दहा वर्षांनी हे नाटक होतं. ते १९३४ साली हिटलरने बघितलं आणि त्याला ते फार आवडलं. पुढे गावाने संहिता बदलली. कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. गिब्सनच्या सिनेमावरूनही तेव्हा मोठा वाद झाला. "याचं रक्त आमच्यावर" या ओळीचं भाषांतर पडद्यावरून काढलं, पण ओळ अरामी भाषेत ऐकू येतेच. त्या बाजूने सांगण्यासारखंही एक आहे : खिळा धरणारा हात गिब्सनने स्वतःचा दिला, दोष माझाही आहे असं म्हणायला. नऊ वर्षांच्या मुलाला हा हात ओळखू येणार कसा? त्याला सांगा की येशू ज्यू होता, मरिया ज्यू होती, पेत्र ज्यू होता. आणि मारण्याचा हुकूम रोमच्या सुभेदाराचा होता. आपल्याकडचंही सांगा. खाडीपलीकडे अलिबागच्या बाजूला बेने इस्रायली शेकडो वर्षं राहिले, घरात मराठी बोलायचे, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. येशूही शनिवार पाळणाऱ्या घरातलाच. मुलांना असं काही सांगितलं की ते लक्षात राहतं.

सिनेमातलं काय बायबलातलं आणि काय नाही, हेही घरात एकदा बोलून टाका, कारण पाहिलेलं वाचलेल्यावर स्वार होतं. चाबकांनंतर पिलाताची बायको मरियेला कापड आणून देते आणि मरिया फरशीवरचं रक्त टिपते, आठवतं? ते आलं जर्मनीतल्या ॲना कॅथरिन एमरिक या जोगिणीच्या दृष्टान्तांतून. ते ब्रेन्तानो नावाच्या कवीने लिहून १८३३ साली छापले. २००४ मध्ये तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, पण त्या प्रक्रियेत ब्रेन्तानोची पुस्तकं पुरावा म्हणून धरली नाहीत, कारण त्यांत तिचं किती आणि कवीचं किती हे सांगता येत नाही. श्रद्धेने वाचावं, हरकत नाही. पण ते शुभवर्तमान नव्हे.

आता तो कठीण प्रश्न. "देवबापाने त्याला वाचवलं का नाही?" मोठमोठ्यांनी यावर ग्रंथ लिहिले आणि मुलाच्या समोर ते सगळे लंगडे पडतात. एक उत्तर मात्र देऊ नका. "आपल्या पापांची शिक्षा कुणालातरी द्यायची होती, म्हणून देवाने आपल्या मुलाला दिली." मूल यातून एवढंच घेतं की हा बाप रागावला की मारतो, आणि कुणालाही मारतो. तुमचा मुलगा क्रुसाकडे पाठ करतो ती कदाचित याच बापाकडे करत असेल. मी असं सांगेन : येशू लोकांना बरं करायचा, ज्यांना कुणी जवळ करत नव्हतं त्यांच्या घरी जेवायचा, मोठ्या लोकांना ते आवडलं नाही. गप्प बस, नाहीतर मारू, असं झालं. तो पळून जाऊ शकला असता. गेला नाही. ज्यांनी मारलं त्यांच्यासाठीसुद्धा त्याने प्रार्थना केली. देवबाप तेव्हा कुठे होता? तिथेच, त्याच्याजवळ. आणि तिसऱ्या दिवशी त्याला उठवलं. यावर मुलगा म्हणेल, "पण आधीच का नाही उठवलं?" तेव्हा सांगा, "मलाही नाही माहीत. येशूनेसुद्धा क्रुसावरून हेच विचारलं होतं." आईला माहीत नाही हे ऐकून मूल घाबरत नाही. आई थापा मारते हे कळलं की घाबरतं.

आणि तिसरा दिवस सोडू नका. त्या सिनेमात दोन तास मरण चालतं आणि पुनरुत्थान जेमतेम मिनिटभराचं. तुमच्या मुलाच्या डोक्यात गोष्ट तर चाबकापाशीच तुटली आहे. ती पुढे न्यायला सिनेमाच लागतो असं नाही. मार्कच्या शेवटच्या तीन अध्यायांना वाचायला वीसेक मिनिटं लागतात. तुम्ही वाचा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे सासूबाईंना सांगायला लावा. खरंच सांगते. आपल्याकडे ही गोष्ट आधी ऐकायची होती, बघायची नंतर झाली. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या, मराठीत. लोक जमून ते ऐकायचे. आमच्या नगरकडे येशूची कीर्तनं व्हायची, टाळ-मृदंगासकट. सांगणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. पोराचे डोळे मोठे झाले की आजी आवाज उतरवते, नको तिथे गाळते, मध्येच पाणी प्यायला उठते. पडद्याला हे जमत नाही. आणि आजीच्या हाती गोष्ट दिलीत की घरातलं आणखीही काही सैल होईल असं मला वाटतं. बघायचंच असेल तर २००० साली आलेला 'द मिरॅकल मेकर' हा मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा मुलांसाठी पुष्कळ बरा. आधी तुम्ही एकट्या बघून घ्या.

अल्तारावरचा क्रूस काढू नका आणि त्याला त्याच्याकडे तोंड करायलाही लावू नका. शेजारी उत्तम मेंढपाळाचं चित्र ठेवा. रोमच्या भुयारी थडग्यांत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तेच काढलं होतं, खांद्यावर कोकरू घेतलेला तरुण. क्रुसावरचा ख्रिस्त उघडपणे दाखवायला त्यांनी काही शतकं घेतली. तुमच्या मुलाला काही महिने द्यायला काय हरकत आहे?

पुढच्या वर्षाचं फादरांशी आत्ताच बोला, उपवासकाळ सुरू झाल्यावर नको. तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. एकट्या जाऊ नका, आणखी दोन-तीन आयांना घ्या. त्या रात्री तुमचंच एकट्याचं पोर झोपलं नाही असं असणं शक्यच नाही. "सिनेमा बंद करा" म्हणू नका, नवऱ्यासारखी माणसं धर्मग्रामात असतीलच. एवढंच मागा : सोळाच्या पुढच्यांसाठी ठेवा, तसं आदल्या रविवारी मिस्सात जाहीर करा, मुलांना त्या वेळी दुसरीकडे बसवा. आणि सिनेमा संपताक्षणी दिवे लावून खुर्च्या उचलू नका, पाच मिनिटं शांत बसू द्या, ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या. फादर ऐकतील असं वाटतं. नाही ऐकलं, तर त्या संध्याकाळी मुलाला घेऊन आजीकडे गोष्ट ऐकायला बसा. नवऱ्याला जायचं असेल तर जाऊ द्या. परत आल्यावर त्याला विचारा कसं वाटलं, आणि या खेपेला त्याला वडिलांबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्या.

माझी आजी आठवली म्हणून लिहिते. नगरला मिशनच्या आवारात दरवर्षी जीपमधून प्रोजेक्टर यायचा आणि दोन झाडांमध्ये पांढरी चादर बांधून 'दयासागर' लावायचे. मूळचा तेलुगू सिनेमा, १९७८ चा 'करुणामयुडू'. गावोगाव हिंदीत फिरला. वधस्तंभाचा प्रसंग जवळ आला (तुम्ही क्रूस म्हणता, आम्ही वधस्तंभ) की सगळ्या बायका पदर तोंडाला लावून रडू लागायच्या. माझी आजी उठायची, आपला पाट उचलायची आणि चादरीकडे पाठ करून, पार मागे कडुनिंबाखाली जाऊन बसायची. तिने तीन मुलं पुरली होती. तिला कुणी विश्वासाबद्दल विचारल्याचं मला आठवत नाही. कुणाची छाती झाली नसती. मी मधेमधे मागे धावत जायचे, ती अंधारात तंबाखूची मिश्री लावत बसलेली असायची. तिकडे खिळ्यांचा आवाज, रडण्याचा आवाज, मग बराच वेळ नुसतं संगीत. आणि मग ती मान न वळवता मला विचारायची, "उठला का गं?"

नाही अजून, मी सांगायचे.

मग ती थांबायची. मी पुन्हा पुढे जाऊन बघून यायचे, पळत यायचे, "आजी, उठला!" आणि ती पाट उचलून, गुडघ्यावर हात टेकत, परत पुढे यायची.